देवबाग, तळाशील, सुनामी बेट: तिथी बघून आखलेला शनिवार-रविवार

गंगावेशकर
मंडळी, जानेवारीत एक शनिवार-रविवार मालवण-देवबाग करायचं आहे. सहा माणसं, एक गाडी. त्यात आई-वडील सत्तरीचे (आईचे गुडघे दुखतात), मुलं ८ आणि ११ वर्षांची. आराखडा असा: शनिवारी सकाळी ९ ला कोल्हापूर सोडायचं, गगनबावड्यानं उतरून दोनपर्यंत मालवण, मग सिंधुदुर्ग किल्ला. मुक्काम देवबागला. रविवारी ११ ला सुनामी बेट, तिथून आल्यावर स्कूबा, तीनला निघून रात्री घरी. चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमेचा रविवार धरलाय. काय चुकतंय ते सांगा. हॉटेलांची नावं नकोत, बाकी सगळं चालेल.

पुळण_आणि_पाणी
चांदण्यापायी बेट बुडवलंत दादा.

सुनामी बेट म्हणजे झाडंझुडपं असलेलं बेट नव्हे. कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते तिथं, मुखातच पडलेला तो वाळूचा दांडा आहे. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला गुडघा ते कंबरभर पाण्याखाली जातो. त्यामुळं "बेटावर किती वाजता जायचं" हे आधी काढायचं आणि बाकीचे दोन दिवस त्याच्या मागेपुढे बसवायचे.

कोकणातला जुना हिशोब: तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता. अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला १५ धरून सव्वाअकरा ते बारा. वद्य पक्षात मोजणी परत प्रतिपदेपासून. ही वेळ दिवसातून दोनदा येते, मधे सव्वासहा तासांच्या अंतरानं ओहोटी. हा हिशोब मुंबई-रायगडकडं जास्त बरोबर बसतो. भरतीची लाट किनाऱ्यानं दक्षिणेकडून वर सरकते, म्हणून मालवणला ती पाऊण-एक तास आधी येते. तेवढे वजा करा.

आता तुमचा रविवार. पौर्णिमा, म्हणजे मालवणला भरती अकराच्या आसपास. तुम्ही ११ ला पोचणार, दांडा पाण्याखाली, आई होडीतच बसून. त्याहून वाईट म्हणजे अकरानंतर पाणी उतरायला लागतं. पौर्णिमेचं उधाण म्हणजे सगळ्यात जास्त पाणी सगळ्यात जास्त ओढीनं बाहेर जाणार, आणि खाडीचं ते सगळं पाणी त्याच अरुंद मुखातून समुद्राकडं. मुलं नेमकी त्याच वेळी पाण्यात असणार.

उलट चतुर्थी धरा. भरती पहाटे दोन-सव्वादोनला, ओहोटी सकाळी साडेआठला. साडेसातला होडीत बसलात तर दांडा उघडा होत असतो, साडेआठला पाणी जवळजवळ थांबलेलं, दहापर्यंत हळूहळू चढतं. वाराही सकाळी पडलेला. तृतीया ते षष्ठी, शुद्ध असो की वद्य, सकाळच्या बेटाला हेच दिवस. तृतीयेला ओहोटी पावणेआठच्या सुमारास, षष्ठीला दहाच्या आत.

अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतारच थोडा. ओढ कमी, पण दांडाही नीट उघडत नाही. पोहायला बरं, चालायला नाही.

कटवडा_आणि_पाव
म्हणजे उत्तम दिवस संकष्टीचा! ओहोटी फुकट आणि सुरमई बंद. देवानं बरोबर जुळवलंय.

पुळण_आणि_पाणी
विनायकी धरा मग. नाहीतर पंचमीचा रविवार, ओहोटी नवाच्या सुमारास.

तीन_नंबर_नाका
तिथीचं गणित वाचून गंमत वाटली, पण फोनवर भरतीचं कोष्टक मिनिटासकट मिळतं. कशाला डोकं चालवायचं?

पुळण_आणि_पाणी
कोष्टक बघाच. तिथी कामाला येते ती तीन महिने आधी सुट्टी टाकताना, कॅलेंडर भिंतीवर असतं तेव्हा. निघायच्या आठवड्यात कोष्टकच खरं. दोन गोष्टी मात्र त्यात नीट बघा. एक, ठिकाण मालवण किंवा वेंगुर्ला निवडलंय ना. बरेच जण मुंबईचं बघतात आणि तासभर चुकतात. दुसरी, नुसती वेळ बघू नका, मीटरमधली उंचीही बघा. एका दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल जाते, दुसरी अर्ध्यावर थांबते. दांडा दिसणार की नाही हे उंची सांगते.

घाटवळण
रस्त्याचं सांगतो. कोल्हापूर ते मालवण करूळनं गेलं काय किंवा फोंड्यानं, १५०-१६० किलोमीटरच्या आसपास, लहान मुलं आणि चहा धरून साडेचार तास.

करूळ: कळे, साळवण, गगनबावडा, मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, तिथून महामार्गानं कणकवली, कसाल आणि उजवीकडं मालवण. गगनबावड्याहून दुसरा फाटा भुईबावड्याचा, तो खारेपाटणकडं नेतो. मालवणला जायचं असेल तर उगाच उत्तरेला वळसा पडतो. नकाशावाल्या बाई कधी कधी तिकडं वळवतात, फाट्यावरची पाटी वाचा.

फोंडा: राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली. रस्ता मला तरी जास्त आवडतो, पण दाजीपूरच्या अभयारण्यातून जातो. अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर उभे असतात. गव्याचा रंग काळपट, डोळे चमकले तरच कळतं, आणि हॉर्नला तो हलत नाही. लाईट मंद करून थांबायचं, जाऊ द्यायचं. रात्री परतायचं असेल तर हा घाट टाळा.

आंबोली: गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करायचं असेल तर हाच. मालवणसाठी लांब.

पावसाळ्यात करूळला दरड येते, दुरुस्तीसाठीही घाट बंद ठेवलेला असतो. आदल्या दिवशी वैभववाडीच्या बाजूला कुणाला तरी फोन करून विचारा. रेल्वेचा प्रश्नच नाही, कोल्हापूर-वैभववाडी मार्ग कधीचा मंजूर आहे, गाडी अजून रूळ शोधतेय. एसटी आहे, मध्यवर्ती स्टँडवरून.

निळी_टाकी
गंगावेशकर, तुमच्या आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक कुणी पकडली नाही. रविवारी स्कूबा आणि लगेच घाट.

पाण्याखाली दाबानं हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि वायूचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. म्हणून डायव्हिंगनंतर विमानात बसू नका म्हणतात. नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू होतो: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, जास्त असतील तर १८. आंबोली साधारण ६९० मीटर आहे. गोव्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला घरी जायला सह्याद्री चढावाच लागतो.

मालवणातला नवशिक्यांचा स्कूबा उथळ असतो, जेमतेम १५-२० मिनिटांचा. धोका फार कमी, हे खरं. पण शनिवारी सकाळी उरकला तर प्रश्नच उरत नाही, मग रविवारी का करायचा?

बाकीचं थोडक्यात. सर्दी असेल तर उतरू नका, कान मोकळा होत नाही आणि पडदा दुखावतो. दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उतरताना दर मीटरला नाक दाबून हळू फुंकायचं, दुखायला लागल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून. श्वास रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. आठ वर्षांच्या मुलाला समुद्रात टाकी लावू नका, कुणी कितीही "चालतंय की" म्हटलं तरी. त्याला स्नॉर्कल (तोंडात नळी धरून वरच्या वर तरंगत खाली बघायचं) द्या. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त नितळ, भरती चढताना आणखी बरं, कारण तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी आत येत असतं. ओहोटीला खाडीचा गढूळपणा बाहेर येतो.

आणि हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा तुकडा, मेलेला दिसला तरी, उचलायचा नाही. कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे.

तीन_नंबर_नाका
होडीचं काय बघायचं? सगळे म्हणतात "बिनधास्त बसा".

नाखवा_२
बिनधास्त बसायच्या आधी एवढं बघा.

होडीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो. मोजा. जास्त होत असतील तर दुसरी होडी.

लाइफ जॅकेट अंगात घालून बघा, मांडीवर ठेवू नका. खांद्यांना धरून वर ओढलं आणि ते कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे, पाण्यात मूल खालून निसटेल. लहान माप मागा, नसेल तर होडी सोडा. आतला फोम दाबून बघा. चुरगळलेला, कडक झालेला असेल तर तो तरंगवत नाही. बकल तिन्ही लागतात का बघा, दोन लागून तिसरं दोरीनं बांधलेलं चालत नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोघांचा जीव गेला. किनारा दिसतोय म्हणून जॅकेट काढायचं नसतं, होडी उलटते ती बहुतेक वेळा किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटेत.

दुपारी वायव्येचा वारा सुटतो. बारानंतर पाणी खवळतं, उलट्या सुरू होतात. गोळी घ्यायची तर बसायच्या अर्धा तास आधी, मळमळल्यावर नाही. डॉल्फिन बघायचे तरी सकाळीच.

आजींसाठी: मालवण जेट्टीला पायऱ्या आहेत. भरतीला होडी पायरीच्या पातळीला येते, ओहोटीला खाली जाते आणि पाऊल खोल टाकावं लागतं. म्हणून किल्ल्याला भरतीच्या आगेमागे जा. देवबाग संगमावर मात्र पाण्यातून चालत होडीत चढायचं असतं, गुडघ्याच्या माणसाला प्लास्टिकचं स्टूल आणि दोन माणसं लागतात. आधी सांगितलं तर स्टूल मिळतं.

मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत होड्या बंद असतात. तेव्हा किल्ला जेट्टीवरूनच बघायचा.

गंगावेशकर
बापरे. पौर्णिमा रद्द. राहायचं ठिकाण बघताना काय विचारू? सगळ्या फोटोत समुद्र अंगणात आलेला दिसतो.

मर्यादवेल
अंगणात आलेला असतो म्हणूनच विचारा: "समोर पुळण (वाळूचा किनारा) आहे की दगडांचा बंधारा?"

देवबाग हा तारकर्लीपासून दक्षिणेला संगमापर्यंत गेलेला वाळूचा लांब पट्टा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मधे माडांची एक वाडी आणि एक रस्ता. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडचं पाणी दिसतं. हा पट्टा खडकाचा नाही. नदीनं आणलेली आणि लाटांनी किनाऱ्यानं ढकललेली वाळू साठून झालेला आहे, म्हणून तो स्थिर नसतो. पावसाळ्यात उंच लाटा वाळू ओढून आत नेतात, किनारा खरवडल्यासारखा होतो. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. त्यामुळं सप्टेंबरचा फोटो आणि जानेवारीचा फोटो एकाच जागेचे वाटत नाहीत. संगमाचं टोक तर दरवर्षी आकार बदलतं.

जिथं घरं वाचवायला दगडी बंधारा घातलाय तिथं लाट दगडावर आपटून परत फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. घर राहतं, पुळण जाते. अशा ठिकाणी भरतीला खाली उतरायला जागाच नसते, मुलं दगडांवर खेळतात आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात. कालवाचं टरफल ब्लेडसारखं कापतं. पट्ट्याची सँडल हवी, चप्पल लाटेत जाते.

पाण्याचंही विचारा. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खारं वर येतं, एप्रिल-मेमध्ये अंघोळीचं पाणी मचूळ लागतं. जानेवारीत ठीक असतं, पण प्यायचं पाणी बरोबर ठेवा आणि शॉवर चालू सोडून दात घासू नका. गावच्या विहिरी त्याच पाण्यावर चालतात.

वरच्या वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. पानं बकरीच्या खुरासारखी, दोन फाकांची. ती वाळू धरून ठेवते. तिच्यावर तंबू, चटई, शेकोटी काही नको. (आयडीवरून पक्षपाती वाटेन, असू दे.)

चिखलगुट्टा
गाडी पुळणीवर न्यावी का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच: नाही. ओली वाळू कडक दिसते, पण चाक थांबलं की खालचं पाणी वर येऊन ती रबडी होते. त्यात भरती चढत असेल तर तासाभरात इंजिनात समुद्र.

पार्किंगच्या कडेला कोरड्या वाळूत चाक गेलंच तर: ॲक्सिलरेटर लगेच सोडा. चाक फिरवत राहिलात तर गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. सगळे उतरा. चालवणाऱ्या चाकांची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि रुतत नाही. चाकाच्या पुढची वाळू हातानं उतार करून काढा, खाली फूटमॅट किंवा सुकी झावळी. पहिला नको, दुसरा गिअर, क्लच हळू, स्टिअरिंग सरळ. निघाल्यावर न थांबता टणक जमिनीपर्यंत. मग हवा भरूनच डांबरावर वेगानं चालवा, हे विसरतात आणि टायर रिमवरून निसटतो. घरी आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्यानं धुवा.

देवबागचा रस्ता अरुंद आहे. नाताळ ते एक जानेवारी दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा गाव थांबतं. त्या आठवड्यात जाऊच नका.

पंचगंगा_फ्रीस्टाइल
पोहणाऱ्यांसाठी. आपल्याकडं पंचगंगेत, विहिरीत शिकलेला माणूस समुद्रात जास्त फसतो, कारण त्याला पोहता येतं. नदीची ओढ एका दिशेनं असते आणि डोळ्यांना दिसते. समुद्रात लाटा आत ढकलतायत असं वाटतं आणि पाणी मात्र एका पट्ट्यातून बाहेर जात असतं. हा पट्टा ओळखायचा असा: दोन्ही बाजूंना लाटा फुटतात, पांढरा फेस असतो, आणि मधे शांत, गडद, थोडं गढूळ पाणी, फेसाचे तुकडे खोल समुद्राकडं सरकताना. नवीन माणूस नेमका तिथं उतरतो, "इथं लाटा नाहीत" म्हणून.

सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नका, दमणूक होते ती तिथंच. किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या दिशेनं सरका, तिथून लाटाच किनाऱ्याकडं आणून टाकतात. जमत नसेल तर उताणं तरंगा, एक हात वर करा. दुसऱ्यानं वाचवायला नुसती उडी मारायची नाही, रिकामा पाण्याचा कॅन, दोरी, काहीतरी तरंगणारं घेऊन जायचं.

संगमाच्या टोकाला आणि सुनामी बेटाच्या समुद्राकडच्या कडेला पोहायचंच नाही. तिथं वाळू एका पावलात खचते. खाडीकडच्या बाजूला, ओहोटी थांबलेली असताना, मुलं गुडघाभर पाण्यात. बस्स.

जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं काढा, मग सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवा. वाळूनं चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, उरलेले डंख त्यानं फुटतात. उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चाला, वाळूत लपलेला पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) निघून जातो.

मर्यादवेल
गर्दी नको असेल त्यांना तळाशील सुचवते. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशील. रचना देवबागसारखीच, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावल खाडी. टोकावर उभं राहिलं की समोर सर्जेकोट इतका जवळ दिसतो की हाक मारावी, पण मधे खाडीचं मुख, गाडीनं मोठा वळसा. जेट-स्की, पॅराशूट यांचा गोंगाट नाही. सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात, दोर किनाऱ्यावरून लांबवर गेलेला असतो. तो ओलांडू नका, कडेनं जा. ओढायला हात लावला तर कुणी नाही म्हणत नाही, पण फोटोसाठी मासे हातात घेऊन नाचू नका. तो त्यांचा दिवसाचा पगार आहे.

खाडीत आत गेलं की जुवे लागतात. जुवा म्हणजे खाडीतलं गाळाचं बेट, माणसं राहतात, होडीनं जातात.

कटवडा_आणि_पाव
शाकाहारी माणसाचं काय? कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो.

नाखवा_२
काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, वर सोलकढी. सकाळी सांगून ठेवावं लागतं, वाटाणे भिजायला वेळ लागतो. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, तेव्हा मासे खाणाऱ्यांनीही तेच मागवावं. आणि तांबडा-पांढरा मागू नका, मिळेल पण तुम्ही नावं ठेवाल.

गंगावेशकर
सगळ्यांचं वाचून नवीन आराखडा:

पंचमीचा रविवार. शनिवारी पहाटे ५ ला निघून करूळनं साडेनऊला मालवण. दहाला मी आणि भाऊ स्कूबा, थोरला पोरगा स्नॉर्कल, तोवर बाकीचे नाश्ता करतील. चतुर्थीची भरती दोन-सव्वादोनला, म्हणून दीडला किल्ल्याची होडी, आईला पायरी सोपी. मुक्काम देवबाग, पुळण असलेल्या बाजूला. रविवारी पावणेआठला होडी, नवाला ओहोटी, साडेदहाला परत. बाराला जेवून निघायचं, उजेडात घाट, साडेपाचपर्यंत घरी. स्कूबा ते घाट, चोवीस तासांच्या वर.

पुळण_आणि_पाणी
बसलं. एकच बदल: थोरल्याचं स्नॉर्कल आधी, तुमचा स्कूबा नंतर. वारा सुटायच्या आधीचं पाणी मुलाला द्या. आणि किल्ल्यावर होडीवाले तास-दीड तास देतात. कुरटे बेट ४८ एकरांचं आहे, आईंना तट फिरवत बसू नका. शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, एवढंच सपाटीवरचं करा. तट तुम्ही आणि मुलं पळत बघून या.

घाटवळण
आणि डिझेल कोल्हापुरातच भरा. गगनबावड्याच्या पुढं पहाटे पंप उघडा असेल या भरवशावर घाट उतरू नका.

गंगावेशकर
भरतो. स्टूलही गाडीतच टाकतो, घरचं.